तंबाखूच्या रानात घेवडा: निपाणी पट्ट्यातील अडीच एकरांचे तीन हंगाम

हे प्रकरण निपाणी परिसरातील एका कुटुंबाच्या शेतीचे आहे. गाव आणि माणसे ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. आकडे या एका शेताच्या हिशेबवहीतले आहेत. दुसऱ्या रानात ते जसेच्या तसे लागू होतील असे कुणी धरू नये.

पार्श्वभूमी

निपाणी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात आहे, पण या पट्ट्यातली शेतीची भाषा मराठी आणि भाजीचा मोठा बाजार कोल्हापूरचा. वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यात नदीकाठी ऊस उभा असतो. पाणी कमी असलेल्या उंचवट्यावर पिढ्यान्‌पिढ्या विडीचा तंबाखू घेतला जातो. व्हर्जिनिया तंबाखूला तंबाखू मंडळाचा लिलाव आहे. विडीच्या तंबाखूला ती व्यवस्था नाही, तो खासगी व्यापाऱ्याच्या वखारीत जातो. दराच्या याच प्रश्नावर १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत शेतकरी महामार्गावर बसले होते. आज दर तेव्हापेक्षा वेगळे असले, तरी पैसा वर्षातून एकदाच आणि व्यापारी देईल तेव्हा हाती येतो, हे दुखणे बदललेले नाही.

या कुटुंबाकडे अडीच एकर जमीन आहे. त्यातला दीड एकर मध्यम काळा, सपाट तुकडा. उरलेला एक एकर उताराचा, हलका तांबूस माळ. सामाईक विहिरीत वाटणीचे पाणी जानेवारीपर्यंत पुरते. घरात नवरा-बायको, सासू-सासरे आणि शिकणारी दोन मुले. बैलजोडी घरची, दोन म्हशी.

दोन्ही तुकड्यांत वीसहून अधिक वर्षे तंबाखूवर तंबाखू घेतला जात होता. मे-जूनमध्ये तरवा, म्हणजे रोपांचा वाफा, टाकायचा, जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात तीन बाय तीन फुटांवर लावण करायची आणि आडवी-उभी कोळपणी करत राहायचे. चौदा-पंधरा पाने ठेवून शेंडा खुडायचा, फुटवे काढायचे, डिसेंबर-जानेवारीत झाड कापून रानातच उन्हात वाळवायचे. जूनपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे ऐन पावसात, दोन ओळींमधली तीन फूट जमीन उघडी राहायची आणि दर पंधरा दिवसांनी कोळप्याने मोकळी व्हायची. उताराच्या माळावर ही मोकळी माती वाहून जात होती. बांधाच्या खालच्या बाजूला साचलेला गाळ दरवर्षी दिसायचा, पण त्याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

नेमकी अडचण

तीन तक्रारी एकदम पुढे आल्या.

काळ्या तुकड्यात एकरी साडेचार क्विंटलच्या आसपास माल निघत होता. माळावर तो अडीच क्विंटलवर आला होता. खत वाढवले तरी फरक पडेना.

माळाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात बंबाखू होता. तंबाखूच्या मुळावर जगणारी ही वनस्पती ऑक्टोबरअखेरीस जमिनीतून फिकट कोंब काढते. तिच्याकडे हिरवे पान नाही, सगळे अन्न ती तंबाखूकडून घेते. एका झाडाला लाखाच्या घरात बी येते आणि ते जमिनीत वीस वर्षेही जिवंत राहू शकते. घरचे लोक हे कोंब उपटून बांधावर टाकत, कधी म्हशीला घालत. हे बी जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडते. म्हणजे शेणखताबरोबर ते आणखी पसरत होते.

तिसरी तक्रार पैशाची. ऑगस्टमध्ये युरिया, खुरपणी, मुलांची फी आणि गणपती असा सगळा खर्च एकत्र येतो. त्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल, म्हणजे मालापोटी आगाऊ पैसे, घ्यावी लागे आणि उचल घेतली की माल त्याच वखारीत, त्याच्याच दराने. मधल्या ओळीत भाजी घ्यावी हा विचार या तिसऱ्या अडचणीतून आला. मातीचा विचार नंतर जोडला गेला. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पहिल्या वर्षीची चूक त्यातूनच झाली: ज्या भाजीला पैसा जास्त, ती निवडली गेली.

पहिला हंगाम: टोमॅटो आणि मिरची

माळाचा अर्धा एकर विहिरीजवळ होता म्हणून प्रयोगासाठी तो घेतला. तंबाखूच्या प्रत्येक दोन ओळींत टोमॅटोची एक ओळ, कडेला मिरची. टोमॅटो-मिरचीची रोपे तंबाखूच्या तरव्याशेजारच्याच वाफ्यात वाढवली. लावण तिन्हींची एकाच आठवड्यात, २० जुलैच्या सुमारास.

हे फसले, आणि एकाच कारणाने फसले नाही.

पहिले कारण दिनदर्शिकेचे. लावणीनंतर टोमॅटोचा पहिला तोडा साठ-पासष्ट दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. तोवर तंबाखूची पाने एकमेकांना भिडलेली असतात. टोमॅटो सावलीत आणि ओलीत अडकला आणि खालून वर करपत गेला. आधारासाठी बांधलेल्या काठ्या-सुतळीमुळे तंबाखूचा शेंडा खुडायला ओळीत शिरता येईना.

दुसरे कारण कुळाचे. तंबाखू, टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा ही एकाच कुळातली पिके. पांढरी माशी, पाने वळवणारे विषाणू, पानावर फिके-गडद चट्टे पाडणारा मोझॅक, मुळावर गाठी करणारे सूत्रकृमी (मातीतले बारीक किडे) ही दुखणी या पिकांत बऱ्याच अंशी सामाईक आहेत. मोझॅकचा विषाणू तर हाताने पसरतो: फुटवे काढलेल्या, चिकट हातांनी बाई मिरची तोडायला गेली की काम झाले. सप्टेंबरमध्ये उपटलेल्या टोमॅटोच्या मुळांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी होत्या. शेजारच्या वाफ्यातून रोपांबरोबरच त्या आल्या होत्या, आणि हलकी माती सूत्रकृमींना मानवते. ऑक्टोबरअखेरीस बंबाखूचे कोंब टोमॅटोच्या ओळीतही उगवले. टोमॅटोही त्याचे यजमान पीक आहे. कोपऱ्यातले संकट त्यामुळे मधल्या रानात आले.

तिसरे कारण औषधाचे, आणि आमच्या मते सर्वांत गंभीर. तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीसाठी नेहमीचे कीटकनाशक फवारले गेले. त्याच्या लेबलवर मिरचीचे नाव नव्हते. फवारणीनंतर सहा दिवसांनी मिरचीचा तोडा तयार होता. घरातल्या बाईंनी तो बाजारात पाठवू दिला नाही. तो टाकून दिला. तोट्याच्या हंगामात हा निर्णय सोपा नव्हता आणि तो पूर्ण बरोबर होता.

शेवटी त्या अर्ध्या एकरात टोमॅटो मजुरीपुरताही निघाला नाही, तंबाखूही माळाच्या नेहमीच्या सरासरीखाली गेला.

पर्याय कोणते होते

जानेवारीत, कापणीनंतर, पुन्हा बसून विचार झाला. त्याआधी एक साधे काम केले: दोन्ही तुकड्यांत वीस-वीस ठिकाणचे तंबाखूचे बुडखे, म्हणजे कापल्यावर उरलेले बुंधे, खोदून मुळे धुऊन पाहिली. माळावरच्या बहुतेक मुळांना गाठी होत्या, काळ्या तुकड्यात तुरळक. या एका पाहणीने पुढचे निम्मे निर्णय केले. तिला खर्च एका दुपारचा.

तंबाखू पूर्ण सोडायचा? तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार भारताने २००४ साली स्वीकारला. तंबाखू उत्पादकांना परवडणारे दुसरे पीक मिळावे, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात या रानात उसाला पाणी नाही. सोयाबीन आणि मागून ज्वारी हा पर्याय जमीन सुधारणारा, पण अडीच एकरांतून घर चालेल एवढा पैसा त्यात दिसेना. सासऱ्यांचा सोडण्याला ठाम विरोध होता. त्यांचा मुलगा निम्म्यावर तयार होता.

दुसरा पर्याय, दोन्ही तुकड्यांत तंबाखू ठेवून आंतरपीक बदलायचे. तिसरा, दोन तुकड्यांना दोन वेगळे उपाय करायचे. माळाचे दुखणे आंतरपिकाने बरे होणारे नव्हते, म्हणून तिसरा निवडला.

माळावर बंबाखू आणि सूत्रकृमी दोन्ही होते आणि इथे एक पेच होता. बंबाखूच्या बियांना फसवून उगवायला लावणारी पिके म्हणून मूग, उडीद, तीळ, ज्वारी सांगितली जातात. त्यांच्या मुळांतल्या स्रावाने बी अंकुरते, पण चिकटायला यजमान मिळत नाही आणि मरते. मात्र मूग-उडदावर सूत्रकृमी वाढतात. तीळ आणि ज्वारी दोन्ही कसोट्यांना उतरतात. म्हणून माळावर दोन वर्षे तंबाखू बंद, खरिपात तीळ, रब्बीत ज्वारी असे ठरले.

काळ्या तुकड्यासाठी भाजी निवडताना तीन अटी लिहून काढल्या: तंबाखूच्या कुळाची नको, तंबाखूच्या लावणीनंतर पाच आठवड्यांत रान मोकळे करणारी हवी, वेल पसरणारी नको. चवळी मुळांवर नत्राच्या गाठी (या सूत्रकृमीच्या नव्हेत) धरून नत्र चांगले देते, पण तिचा वेल तंबाखूवर चढतो. भेंडी सूत्रकृमींना सर्वांत आवडती. कोथिंबीर लवकर निघते, पण काळ्या जमिनीत जुलैच्या पावसात बसते आणि सडते. बुटका, झुडपी घेवडा तिन्ही अटींत बसला. त्यालाही सूत्रकृमी लागतात, म्हणून तो माळावर चालला नसता. काळ्या तुकड्यात सूत्रकृमीच्या गाठी तुरळक असल्यामुळे तो धोका पत्करला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. घेवडा शेंगवर्गीय म्हणून जमिनीला भरपूर नत्र देतो असे सरसकट सांगितले जाते. घेवड्याच्या मुळांवर आपल्याकडे नत्राच्या कार्यक्षम गाठी फार कमी बसतात. त्याला वरून नत्र द्यावे लागते. या प्रयोगात घेवड्याकडून अपेक्षा वेगळी होती: जून ते ऑगस्ट जमीन झाकणे, पावसाचा मार अंगावर घेणे आणि मुळे व पाला रानातच सोडणे. युरिया वाचेल या आशेने कुणी घेवडा लावला तर निराशा होईल.

दुसरा हंगाम: मांडणी आणि कामे

काळ्या तुकड्यातला एक एकर आंतरपिकाला घेतला, अर्ध्या एकरात जुन्या पद्धतीने नुसता तंबाखू ठेवला. तुलनेसाठी हा अर्धा एकर राखला नसता, तर पुढचे काहीच नीट कळले नसते.

तीन बाय तीनची चौकोनी लावण मोडून जोडओळ केली. जोडीतल्या दोन ओळींत दोन फूट, दोन जोड्यांमध्ये चार फूट, रोपांत तीन फूट. सरासरी अंतर तेवढेच राहते, त्यामुळे एकरी सुमारे ४,८०० झाडे कायम राहतात. चार फुटांच्या पट्ट्यात घेवड्याच्या दोन ओळी, एकमेकींपासून एक फूट, तंबाखूपासून दीड-दीड फूट. दोन बियांत अर्धा फूट. एकरी बारा किलो बियाणे लागले.

निर्णयाचा अवघड भाग इथे होता. चौकोनी लावणीचा सगळा फायदा आडव्या-उभ्या कोळपणीत आहे. बैलाने दोन्ही दिशांनी फिरले की खुरपणीला माणसे लागत नाहीत. घेवडा मध्ये आला की आडवी कोळपणी ऑगस्टअखेरपर्यंत बंद. सासऱ्यांचा आक्षेप हाच होता आणि तो खरा होता. सुनेचा प्रश्न त्याहून थेट: “तोडणीला बायका कुठनं आणायच्या, तेवढं आधी ठरवा.” त्या आठवड्यात गावभर सोयाबीनची भांगलण, म्हणजे खुरपणी, असते. दोन शेजारणींशी पैरा, म्हणजे एकमेकींच्या रानात कामाची अदलाबदल, ठरला आणि मगच बियाणे आणले.

कामांचा क्रम असा होता. मेमध्ये शेणखताच्या दहा गाड्या घातल्या. हे खत बंबाखूच्या कोपऱ्यातला पाला न खाल्लेल्या जनावरांचे, दुसऱ्या घरून आणलेले. पेरणीवेळी घेवड्याच्या ओळीत एकरी सव्वाशे किलो सिंगल सुपर फॉस्फेट. पालाशसाठी पांढरे पोटॅश, म्हणजे सल्फेट. लाल पोटॅशमध्ये क्लोराइड असते आणि क्लोराइडने तंबाखूचे पान ओल धरते, जळायला कुचकामी होते. भाजीला चालते म्हणून लाल पोटॅश टाकणे ही आंतरपिकात नेहमी होणारी चूक आहे. तंबाखूचे नत्र पसरून न देता रोपाभोवती वीत-दीड वीत अंतरावर बांगडी करून दिले, नाहीतर ते घेवड्याने उचलले असते.

घेवडा १४ जूनला टोकला. तंबाखूची सहा-सात आठवड्यांची रोपे २० जुलैला लावली आणि पहिले दोन दिवस तांब्याने पाणी दिले. तरवा या वर्षी नव्या जागी, एप्रिल-मेमध्ये वाफे ओले करून पाच आठवडे पारदर्शक प्लॅस्टिकखाली तापवून तयार केला होता. राब भाजण्याचा, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा जाळण्याचा, जुना रिवाजही हेच काम करतो, मात्र त्याची उष्णता वरच्या थरातच राहते.

अळीसाठी रासायनिक फवारणी लावणीपासून घेवडा निघेपर्यंत बंद ठेवली. त्याऐवजी रानाच्या कडेने एरंड लावला. पाने खाणाऱ्या अळीची मादी एरंडाच्या रुंद पानावर पुंजक्याने अंडी घालते. दर दोन दिवसांनी अंड्यांचे पुंजके आणि नुकत्या फुटलेल्या, जाळीदार पानावरच्या अळ्या पानासकट तोडून रॉकेलच्या पाण्यात टाकायच्या. हे काम मुलांना सांगून चुकले, ती आठवड्याने जात. एरंड लावून त्याकडे न पाहणे म्हणजे अळीला पाळणाघर काढून देणे. दोन आठवड्यांनंतर ते काम सासऱ्यांनी स्वतःकडे घेतले आणि एकही दिवस चुकवला नाही. एकरी चार कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) आणि दोनदा पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीचा, एवढ्यावर ऑगस्ट निभावला.

तोडणीबद्दल एक सूचना सहसा दिली जात नाही, म्हणून मुद्दाम देतो. ओल्या तंबाखूच्या पानाला अंग घासले की निकोटीन कातडीतून शरीरात जाते. मळमळ, उलटी, गरगरणे, डोके दुखणे ही त्याची लक्षणे. घेवडा तोडणारी बाई वाकून काम करते, तिचे दंड आणि मान सतत तंबाखूला लागतात. पहिल्या तोड्याला सकाळी सातला, दहिवरात (दवात) गेलेल्या दोघी दुपारी आजारी पडल्या. नंतर दहिवर उतरल्यावर, पुरुषी पूर्ण बाह्यांचा सदरा अंगात घालून तोडणी केली आणि त्रास थांबला.

काय निघाले

घेवड्याचे ऑगस्टमध्ये चार तोडे झाले, एकरी नऊ क्विंटल. दर किलोला वीस ते चाळीस रुपये असा हलत राहिला, सरासरी अठ्ठावीस पडला. एकूण आले २५,२०० रुपये.

खर्च असा: बियाणे ३,६००, सुपर फॉस्फेट व किरकोळ १,५००, वाहतूक-हमाली-अडत २,४००. जादा खुरपणीचे १६ आणि तोडणीचे २४ असे ४० बायकी रोज (बाईच्या एका दिवसाची मजुरी म्हणजे एक रोज), तीनशे रुपयांनी १२,०००. एकूण १९,५००. म्हणजे घरच्या कष्टाला पूर्ण मोल लावले तर उरले ५,७००.

तंबाखू आंतरपिकाच्या एकरात ४.१ क्विंटल, नुसत्या तंबाखूच्या अर्ध्या एकरात एकरी ४.५ क्विंटलच्या प्रमाणात. चाळीस किलोची घट नव्वद रुपये दराने ३,६००. निव्वळ फायदा दोन हजारांच्या जरा वर. आंतरपिकाने उत्पन्न दुप्पट झाल्याच्या जाहिराती वाचणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. आम्ही तो तसाच देत आहोत, कारण खरा फरक दुसऱ्या रकान्यात आहे. चाळीसपैकी वीस रोज घरच्या आणि पैऱ्याच्या बायकांचे होते. रोख खर्च १३,५०० झाला आणि ऑगस्टमध्ये ११,७०० रुपये हातात राहिले. त्या वर्षी उचल घेतली नाही. जानेवारीत माल तीन वखारींना दाखवता आला.

तंबाखूची घट का झाली? नत्राचा दुसरा हप्ता लावणीनंतर तीस दिवसांनी, २० ऑगस्टला द्यायचा होता. गणपतीत भाजीला दर चढतो म्हणून घेवड्याचा चौथा तोडा धरून ठेवला. रान मोकळे झाले ३ सप्टेंबरला आणि खत पडले ५ सप्टेंबरला. सोळा दिवसांच्या उशिरामुळे झाड आधी थांबले आणि मग उशिरा हिरवे होत राहिले. पानावर पक्वतेचे तांबूस ठिपके उमटायला वेळ लागला. व्यापाऱ्याने त्यातल्या काही मालाचा दर्जा उतरवला. चौथ्या तोड्याने जे मिळाले, त्याहून जास्त या उशिराने गेले.

मातीत काय बदलले ते सेंद्रिय कर्बाच्या आकड्यावरून दोन वर्षांत सांगता येत नाही. इतक्या थोड्या काळातला फरक नमुना घेण्याच्या चुकीतच हरवतो. म्हणून दोन साध्या गोष्टी पाहिल्या. तळ कापलेला डबा जमिनीत चार बोटे ठोकून त्यात एक लिटर पाणी ओतायचे आणि मुरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. सप्टेंबरमध्ये घेवड्याच्या पट्ट्यात पाणी नुसत्या तंबाखूच्या तुलनेत निम्म्याहून कमी वेळात मुरले. दुसरे, मोठ्या पावसानंतर वरची खपली. नुसत्या तंबाखूत ती बोटाने उचलता येत होती, पट्ट्यात नव्हती. घेवडा उपटला नाही, जमिनीलगत विळ्याने कापला आणि पाला तिथेच अंथरला. उपटला असता तर हा फायदा निम्मा गेला असता.

तिसरा हंगाम: काय बदलले

घेवडा ८ जूनला टोकला, मृगाच्या पहिल्या दमदार पावसावर. २० ऑगस्ट ही तारीख खुंटीला बांधल्यासारखी ठरवली: त्या दिवशी शेंगा असोत-नसोत, घेवडा कापायचा. तीन तोडे झाले, माल सात क्विंटलवर आला. नत्र वेळेवर पडले, २२ ऑगस्टनंतर बैलाचे कोळपे पुन्हा दोन्ही दिशांनी फिरले. तंबाखू नुसत्या तंबाखूच्या बरोबरीने निघाला आणि ठिपक्यांची तक्रार आली नाही. दोन क्विंटल घेवडा सोडून चाळीस किलो तंबाखू आणि मालाचा दर्जा परत मिळवला, असा तो सौदा.

माळावर पहिल्या वर्षी तीळ आणि ज्वारी झाली. दुसऱ्या वर्षी तिळानंतर पाव एकरात रांगडा (पावसाळ्याच्या शेवटी लावायचा) कांदा लावला. कांद्यावर बंबाखू येत नाही आणि पाव एकरालाच विहिरीचे पाणी पुरते. माळावरचे उत्पन्न तंबाखूच्या काळापेक्षा घटले आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. तो एक एकर सध्या बरा होतो आहे, कमावत नाही.

पुन्हा करायचे तर

पहिला प्रयोग सर्वांत वाईट तुकड्यात झाला. विहीर जवळ आहे म्हणून जागा निवडली, मुळे खोदून पाहिली नाहीत. बुडखे तपासण्याची दुपार पहिल्या जानेवारीतच घालवली असती तर टोमॅटोचा हंगाम वाचला असता आणि बंबाखू मधल्या रानात आला नसता.

घेवड्याच्या पहिल्याच वर्षी एक एकर घेण्याऐवजी दहा गुंठे पुरले असते. तोडणीच्या बायका, दहिवराचा त्रास, खताचा उशीर, या तिन्ही गोष्टी दहा गुंठ्यांतही कळल्या असत्या.

एक बाब अजून अनिर्णित आहे. कापणीनंतर काळ्या तुकड्यात जानेवारीत ओल असते आणि मेथी-कोथिंबिरीचा मोह होतो. रानात पडलेल्या तंबाखूच्या पाल्यातून निकोटीन मातीत उतरते आणि शेजारचे झाड ते मुळांवाटे उचलू शकते, हे जर्मनीत पुदिन्यावरच्या प्रयोगांत दाखवले गेले आहे. पालेभाजीत तर आपण पानच खातो. त्यामुळे वाळवणीचा चुरा पडलेल्या रानात लगेच पालेभाजी न घेण्याचा निर्णय झाला. त्याऐवजी कापणी झाल्याबरोबर बुडखे मुळासकट काढायचे, कारण त्यांना फुटणाऱ्या कोंबांवर मावा, पांढरी माशी आणि मोझॅक उन्हाळाभर तग धरतात. आतापर्यंत हे काम मार्चपर्यंत रेंगाळत असे.

माळाच्या पश्चिम कोपऱ्याला चार खुंट्या मारून दोरी बांधली आहे. तिथे ओळखीसाठी तंबाखूची दहा झाडे मुद्दाम ठेवली आहेत आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून आठवड्याला एकदा त्यांच्या बुडाशी फेरी मारली जाते. कोंब दिसला की फुलण्याआधी त्याच्या शेंड्यावर गोडेतेलाचे दोन थेंब टाकायचे, मोठा असेल तर उपटून पिशवीत घालून जाळायचा आणि वहीत आकडा लिहायचा. बांधावर काही टाकायचे नाही, म्हशीला काही घालायचे नाही. तिसऱ्या हंगामात त्या दहा झाडांपाशी एकूण सतरा कोंब निघाले. हा आकडा सलग दोन वर्षे शून्य येईपर्यंत माळावर तंबाखू परत आणायचा नाही, यावर आता सासरेही राजी आहेत.